आधी सासूजवळ बस

पोरी, आशाताईची बॅग मिळाली, रजिस्टर मिळालं, प्रशिक्षणातली जाडजूड पुस्तिकाही मिळाली. ती नीट वाच, त्यातलं सगळं खरं आहे. पण ओतूर, पिंपरी पेंढार, आळेफाटा या पट्ट्यात उपकेंद्राची नर्सबाई म्हणून माझी सगळी नोकरी गेली. दिवस राहिलेल्या बाईला रोगराईपासून जपायला कसं शिकवायचं, याबद्दल मला कळलेलं तुझ्या कानावर घालते. पटेल ते उचल.

मुळातली गोष्ट अशी, की जिला आपण शिकवायला जातो तिच्या हातात फार थोडं असतं. पाणी कोण भरतं, ते उकळायला किती गॅस जाळायचा हे कोण ठरवतं, गोठा कोण झाडतं, टाकी कोण घासतं, दवाखान्यात कोणाच्या गाडीवर बसून जायचं, यातलं काय त्या विशीतल्या सुनेच्या हातात आहे? तिला आत खोलीत नेऊन दहा सूचना दिल्यास तर ती मान हलवील आणि तू गेल्यावर शेणाची पाटी उचलील. म्हणून घरात शिरलीस की आधी सासूजवळ बस. मांडी घालून बस, घाईत उंबऱ्यावर उभी राहू नकोस. त्यांना विचार, “आत्याबाई, तुमची बाळंतपणं कुठं झाली? कोणी केली?” या वयाच्या बाईला हे कोणी विचारत नाही, ती बोलू लागते. विळ्यानं नाळ कापल्याचं सांगते, आठवड्याच्या आत आखडून गेलेलं मूल सांगते. तो धनुर्वात होता. बाळाचा धनुर्वात बहुतेक तिसऱ्या ते चौदाव्या दिवसात उठायचा. पाचवीला सटवाईची पूजा मांडून बाया भीतीनं रात्र जागवायच्या, त्या भीतीच्या मागे अशी गेलेली पोरंही असणार असं मला नेहमी वाटत आलंय. इंजेक्शनं, दवाखान्यातली बाळंतपणं आणि नाळेची स्वच्छता यांनी तो धनुर्वात हटला. २०१५ साली भारत त्यातून मुक्त झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केलं. हे सासूला सांग. ज्या बाईचं मूल गेलंय तिला इंजेक्शनाचं महत्त्व दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. पुढची तारीख तीच लक्षात ठेवते.

जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केलं. तिथं गावोगावच्या बायका, ज्यांतल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्याच आरोग्याच्या कार्यकर्त्या झाल्या. ओळखीच्या बाईनं शेजारी बसून सांगितलेलं घरात टिकतं. तू या गावची सून आहेस, हे तुझं मोठं भांडवल आहे.

दुसरं. एका भेटीत एकच गोष्ट सांग, आणि तीही समोर दिसणारी. पावसाळ्यात गेलीस तर डासांचं बोल, उन्हाळ्यात टँकर सुरू असेल तर पाण्याचं, गोठ्यात गाय व्यायला झाली असेल तर गोठ्याचं. आणि भीती घालू नकोस. “बाळ अधू होईल” असं पहिल्या वाक्यात ऐकलेली पोर रात्रभर झोपत नाही, आणि पुढच्या वेळी तू दिसलीस की मागच्या दारानं शेतात निघून जाते. काय करायचं ते आधी सांग, कशासाठी ते मागाहून.

डासांचं उदाहरण घे. डेंग्यूचा आणि झिकाचा डास एकच, दिवसा चावणारा, अंगावर पांढरे ठिपके असलेला. स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो. हे तोंडानं सांगून कोणाला पटत नाही, कारण लोकांना वाटतं डास गटारात होतात. त्यासाठी बॅगेत एक पांढरी वाटी ठेव. रांजणातलं वरचं पाणी हळूच त्या वाटीत घे आणि उजेडात धर. वळवळणाऱ्या अळ्या सासूला, सुनेला, पोरांना, सगळ्यांना दिसू देत. अळी दिसली की टाकी घासायची की नाही यावर वाद उरत नाही. मग सांग, की नुसतं पाणी ओतून भागत नाही. डासाची अंडी भांड्याच्या आतल्या भिंतीला, पाण्याच्या रेषेवर चिकटलेली असतात. सुकली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पाणी लागलं की फुटतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस भांडं रिकामं करून काथ्यानं आतून खसखसून घासायचं आणि कोरडं ठेवायचं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा नेम. हे काम दिरानं किंवा नवऱ्यानं करायचं, पोट घेऊन तिनं टाकीत वाकायचं नाही. जनावरांचा हौद रिकामा होत नसेल तर त्यात गप्पी मासे सोडा. घराबाहेरही नजर टाक. कांद्याच्या बराखीवर टाकलेल्या ताडपत्रीच्या खोळीत पाणी साठतं, फवारणीचा ड्रम उघडा असतो, जुन्या टायरात पाणी असतं, फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये असतं. तिनं दुपारी पडताना मच्छरदाणी लावायची. रात्रीची लावतात सगळे, दुपारची कोणी लावत नाही.

झिकाबद्दल थोडं जास्त सांगते, कारण तो आपल्याच पुणे जिल्ह्यात येऊन गेलाय. राज्यातला पहिला रुग्ण २०२१ च्या जुलैत पुरंदर तालुक्यात बेलसरला सापडला. पुढं २०२४ मध्ये पुणे शहरात साथ आली, तेव्हा रुग्णांत गरोदर बायका बऱ्याच होत्या. मोठ्या माणसाला तो साध्या तापासारखा असतो, पुष्कळांना कळतही नाही. पण पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ त्यानं खुंटू शकते. आणि तो नवऱ्याकडूनही बायकोला लागतो. साथ जवळ आली असेल, किंवा नवरा साथीच्या गावाहून आला असेल, तर बाळंतपणापर्यंत निरोध वापरायचा. हे सासूसमोर बोलू नकोस, एवढी एक गोष्ट नवरा-बायकोला दोघांनाच सांग. लाजून खाली बघत सांगितलंस तर तेही लाजतील. लोहाच्या गोळ्या जशा सांगतेस तशा सरळ आवाजात सांग.

ताप आला तर काय? पॅरासिटामॉल द्यायची, आणि त्याच दिवशी दवाखाना. मेडिकलमधून आणलेली अंगदुखीची दुसरी गोळी घ्यायची नाही, डेंग्यू असेल तर त्यानं रक्तस्राव वाढतो. गरोदर बाईचा ताप “बघू उद्या” म्हणून घरी ठेवायचा नसतो. सांगता येईल तितक्यांदा हे सांग.

पाण्याचं. कावीळ साऱ्यांना माहीत आहे, पण पाण्यातून येणारी ई काविळीची साथ गरोदर बाईसाठी वेगळीच असते, हे फार थोड्यांना माहीत आहे. २०१२ साली इचलकरंजीत पंचगंगेच्या पाण्यानं ही साथ पसरली होती. इतरांना महिन्या-दीड महिन्यात बरी होणारी ही कावीळ शेवटच्या तीन महिन्यांतल्या बाईला झाली, तर शंभरातल्या वीस-पंचवीसपर्यंत दगावू शकतात. घराघरात सगळ्यांचं पाणी उकळा म्हटलं तर गॅसचा खर्च काढतात. मग भांडू नकोस. म्हण, “तिच्यापुरती रोज एक कळशी उकळा.” एवढं कोणीही करतं. पाणी खळखळून उकळू द्यायचं, झाकून निववायचं, त्याच भांड्यात ठेवायचं. पाणी काढायला तोटी किंवा लांब दांड्याचं ओगराळं, हात बुडवायचा नाही. बाकीच्यांच्या पाण्यात मेडिक्लोर घालायचं, थेंब किती ते बाटलीवर बघून. विहिरीत टीसीएल पावडर वेळच्या वेळी पडते का, ते ग्रामपंचायतीत जाऊन विचारत जा. तुला हक्क आहे. श्रावणी सोमवारी ओतूरला कपर्दिकेश्वराच्या यात्रेला बाया हौसेनं जातात. जाऊ दे, हौस मोडू नकोस. घरची पाण्याची बाटली बरोबर, आणि उघड्यावरचं सरबत, कापलेलं कलिंगड नको, एवढं सांग.

आता गोठा. पुस्तिकेत यावर फार थोडं आहे, आणि आपल्याकडे तर घरटी संकरित गाई. गाय पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर गाभडली की घरातली बाई वासरू ओढते, वार हातानं उचलते, फडक्यानं जागा पुसते. गाय ब्रुसेलोसिसनं गाभडलेली असू शकते. त्याचे जंतू त्या वारीत आणि पाण्यात खच्चून भरलेले असतात. माणसाला येणारा ताप चढउतार करत महिनोनमहिने राहतो, सांधे दुखतात, आणि गरोदर बाईचं मूल पडू शकतं. मला हे कळलं ते पशुवैद्यक डॉक्टरांच्या तोंडून, आमच्या खात्यातून नव्हे. म्हणून तुझा पहिला नियम असू दे: घरात गरोदर बाई असेल तर व्यालेल्या किंवा गाभडलेल्या जनावराला तिनं हात लावायचा नाही. वार पुरुषांनी हातमोजे घालून उचलायची, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायची, कुत्र्यापुढं फेकायची नाही. दूध उकळल्याशिवाय कोणी प्यायचं नाही, चहाच्या घाईतही नाही. कालवडी चार ते आठ महिन्यांच्या असताना त्यांना याची लस सरकारी कार्यक्रमात मिळते. ती टोचली का हे गोठ्याच्या मालकाला विचार. हा प्रश्न आशाताईनं विचारला की लोक चमकतात, आणि लक्षात ठेवतात. दिवाळीनंतर मेंढपाळांचे वाडे शेतात बसतात, त्यांच्यातल्या बायकांनाही हेच सांग. मेंढ्या-शेळ्यांचंही तसंच आहे.

मांजराचं आणि मातीचं थोडक्यात. चुलीच्या राखेत, भाजीच्या वाफ्यात मांजर घाण करतं, त्यातून लागणारा एक आजार बाळाच्या डोळ्यांना-मेंदूला इजा करू शकतो. म्हणून कोथिंबीर-मेथी काढून आलं की साबणानं हात, भाजी भरपूर पाण्यात धुऊन, मटण पूर्ण शिजवून. मांजर हाकलायची गरज नाही.

बिबट्याबद्दल मी का बोलते असं वाटेल. २०२४ मध्ये आपल्याच शिवारात बिबट्याच्या हल्ल्यात बाईचा जीव गेला. त्या धास्तीनं काय होतं ते बघ. संडास बहुतेकांचा घराबाहेर, पलीकडं ऊस. अंधार पडला की बाया बाहेर जात नाहीत. रात्री लघवीला जायला लागू नये म्हणून संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि आली तरी पहाटेपर्यंत दाबून धरतात. गरोदरपणात लघवीचा संसर्ग एरवीही लवकर होतो. कधी कधी जळजळ नसतानाही असतो. दुर्लक्ष झालं तर मूत्रपिंडापर्यंत जातो, थंडी वाजून ताप येतो, दिवस भरण्याआधीच कळा सुरू होऊ शकतात. तर सांगायचं असं: रात्री मोरीत झाकणाची बादली ठेवायची, लाज बाळगायची नाही, सकाळी ती कोणीतरी दुसऱ्यानं ओतायची. दारापासून संडासापर्यंत दिवा लावायचा, सोबत नवरा. दिवसभर पाणी भरपूर. धुताना पुढून मागं. लघवीची तपासणी दर भेटीत मागून घ्यायची, आणि डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून थांबवायच्या नाहीत. या गोष्टीसाठी नवऱ्याला तू स्वतः भेट. ज्याला बिबट्याची भीती कळते त्याला बादलीचं महत्त्व लगेच कळतं.

इंजेक्शनं आणि कार्ड. धनुर्वाताच्या इंजेक्शनाचे, म्हणजे टीडीचे, दोन डोस, दोन्हींत चार आठवड्यांचं अंतर; मागचं बाळंतपण तीन वर्षांच्या आतलं असेल आणि तेव्हा दोन्ही झाले असतील तर एकच बूस्टर. आपल्याकडे घोळ कुठं होतो? सातव्या महिन्यात पोर माहेरी जाते. इंजेक्शनांची नोंद असलेलं कार्ड सासरच्या कपाटात राहतं. माहेरच्या सिस्टरला काय झालं, काय राहिलं, कळत नाही. डोहाळजेवणाच्या दिवशी ओटीत नारळ घालतात ना, तेव्हाच माहेरी न्यायच्या बॅगेत कार्ड घालायचं काम सासूकडं सोपव. कार्डाचा फोटो पोरीच्या आणि नवऱ्याच्या मोबाइलमध्येही असू दे.

रुबेलाचं गरोदर झाल्यावर काही करता येत नाही, ती लस पोटुशीला देत नाहीत. म्हणून नवीन लग्न झालेल्या घरी जा. २०१८ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोहीम झाली, पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळेत टोचलं होतं. त्या मुली आता सुना होताहेत. “तेव्हा शाळेत टोचलं होतं का?” हे विचार. नसेल तर डॉक्टरांना विचारून आधी लस, मग महिनाभर थांबून मूल.

फ्लूचं हलकं घेऊ नकोस. २००९ मध्ये देशातला स्वाइन फ्लूचा पहिला बळी पुण्यात गेला. पुढं या आजारानं गरोदर बायकांना फार सतावलं. चौथ्या महिन्यापासून पुढं लस घेता येते, ग्रामीण रुग्णालयात विचार. घरात कोणी खोकत असेल तर त्यानं तोंडाला फडकं बांधून वेगळं झोपायचं. आणि ज्याचा खोकला दोन आठवडे हटत नाही, मग तो सासरा असो वा गडी, त्याचा बेडका तपासायला द्यायचा. तपासणी फुकट, औषध फुकट. तिला स्वतःला क्षय निघाला तरी औषधं गरोदरपणात घेता येतात, घ्यायलाच हवीत.

रक्ताच्या तपासण्यांत एचआयव्ही, सिफिलिस आणि बी कावीळ असतात. आपल्या घरातले पुरुष मुंबईला, वाशीला कामाला. या तपासणीचं नाव काढलं की घरात संशय शिरतो. म्हणून आधीच म्हण, “गावातल्या प्रत्येकीची होते, माझीही झाली.” काही निघालं तर उपचार आहेत. एचआयव्हीची औषधं फुकट मिळतात आणि वेळेत सुरू केली तर बाळ बहुतेक वेळा वाचतं. बी कावीळ असेल तर बाळाला जन्मापासून २४ तासांच्या आत लस मिळालीच पाहिजे, ते लक्षात ठेवून दवाखान्यात बोलून ठेव. आणि कोणाच्या तपासणीत असं काही निघाल्याचं ज्या दिवशी तुझ्या कानावर येईल त्या दिवशी सासूजवळ बसायचा माझा मंत्र विसर. सासू, जाऊ, तुझा नवरा, गावातली तुझी जिवाभावाची मैत्रीण, कोणालाही सांगायचं नाही. एकदा तोंडातून गेलं तर ती बाई संपते आणि गावातली दुसरी कोणी परत तपासणीला येत नाही.

एक विनंती आहे. विघ्नहर साखर कारखान्याच्या गाळपाला ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांच्या कोप्या पडतात. त्यातल्या पोटुशी तुझ्या रजिस्टरात नसतात, तुझ्या मानधनातही नसतात. तरी जा. पाणी कालव्याचं, संडास नाही, पहाटे चारला उसात, आणि कार्ड असलंच तर बीडकडं घरी. महिन्याच्या ९ तारखेला दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते, त्या दिवसाचं मुकादमाला आधी सांगून ठेव, तोच ट्रॅक्टर देईल. १०२ आणि १०८ हे रुग्णवाहिकेचे दोन नंबर कोपीच्या कुडावर खडूनं लिहून ये.

बाळंतपण झालं की घरचे सगळे बाळाकडं वळतात, आपणही वळतो. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तुला जायचंय. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावच्याच बायकांना घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं आणि बाळांचे मृत्यू साठ टक्क्यांहून अधिक घटले, हे १९९९ मध्ये जगापुढं आलं. आपल्या या भेटी त्याच कामातून आल्यात. नाळेला राख, शेण, हळद, तेल काही नाही, कोरडी ठेवायची. बाळाला घ्यायचं ते हात धुऊनच, आणि सर्दी-खोकला असलेल्या पाहुण्यांनी बारशाला दुरूनच बघायचं. पण बाळंतिणीलाही विचार. अंगावरून जाणाऱ्याला घाण वास येतो का, ओटीपोट दुखतं का, स्तन लाल होऊन ठणकतो का, टाके ओले आहेत का. बाळंतिणीचा ताप अंगावर काढला तर दोन-तीन दिवसांत जीव जाऊ शकतो, आणि ती स्वतःहून सांगत नाही, कारण बाळंतिणीला कणकण असतेच असं तिला लहानपणापासून ऐकवलेलं असतं. म्हणून थर्मामीटर आधी आईच्या काखेत लाव, मग बाळाच्या.